गुरुवारचा लाल

“अने! ए अने! त्यांना सांग, ते लंगोट नव्हेत! नमुने आहेत ते माझे, नमुने!”

तुम्ही खाली गल्लीत उभ्या होतात. पायात कारखान्यातल्या त्या लाल-काळ्या होऊन गेलेल्या चपला, एका हातात छत्री, आणि दुसरा हात आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे रोखलेला, मागच्या बाकावरच्या पोरीकडे रोखावा तसा. वर सासूबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. दोरीवर तुमच्या तीन लाल पट्ट्या वाळत होत्या आणि चौथी माझ्या दीड महिन्याच्या चिमीनं नेसली होती. नुकतीच ओलीही केली होती.

तुमच्या त्या हाकेनं देवास गेटच्या स्टँडवरून सुटलेल्या इंदूरच्या बसनं करकचून ब्रेक मारला. कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याच्या हातून जिरावण मसाल्याचा अख्खा डबा एका प्लेटीत उपडा झाला आणि ते गिऱ्हाईक अजून ठसकतंय. महाकालाच्या कळसावरची कबुतरं जी उडाली ती थेट ओंकारेश्वरला जाऊन बसली.

चारनं भाग, म्हणाल तुम्ही. बरं, भागते. बस थांबली नाही. कबुतरं जागची हलली नाहीत. पोहेवाल्यानं मात्र वर बघितलं होतं, एवढं खरं आहे.

सासूबाई कठड्यावरून वाकल्या. “अहो बाई, मला वाटलं तुम्ही बाळंतविड्यातलंच थोडं थोडं पाठवून राहिल्या! कापड किती मऊ! पोरीला छान मानवलंय.”

“मानवलं ते राहू द्या. रंग उतरला का?”

“छे हो. रोज उकळते मी. पाणी आपलं होतं तसं स्वच्छ.”

सगळी गल्ली तुमच्याकडे बघत होती. “मग पास,” म्हणालात, छत्री उघडलीत आणि चालायला लागलात.

आज तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले, बाई. लोक तुमच्याबद्दल काय काय बोलताहेत. शाळेत गणित किती वर्षं शिकवलं, निवृत्त झाल्यावर भैरवगढला कापडछपाईची चार टेबलं कशी टाकली, एकट्या बाईमाणसानं कसं निभावलं. बोलू देत. त्यात एकालाही ठाऊक नाही की तुमच्या कारखान्याचा लाल रंग पक्का आहे हे शेवटी माझ्या मुलीनं सिद्ध केलं.

मी मुंगीचा हत्ती करते हे उज्जैनला माहीतच आहे. भागणाऱ्या तुम्ही एकट्याच. पावसाळ्यात मी कारखान्यात येऊन सांगितलं होतं की क्षिप्रेला पूर आलाय आणि मी पोहत आले, मधे एक मगर आडवी आली तर तिला छत्रीनं बाजूला केलं. तुम्ही चष्मा न काढता म्हणालात, “चारनं भाग.” भागल्यावर पोटरीभर पाणी आणि एक कुत्रं उरलं, आणि तेवढं खरोखर होतं. दर वेळी तुमचं उत्तर बरोबर यायचं. ते कसं, हे मी कधी विचारलं नाही. आता मी सांगते ते जसंच्या तसं राहतं. घरात सगळे ‘हो का?’ म्हणतात आणि जेवायला लागतात. माझं खोटं कुणी कमी करत नाही, त्यामुळे त्यात खरं किती होतं ते मलाही सापडेनासं झालंय.

माझ्या रजेच्या आधीचा शेवटचा दिवस आठवतो का? नववा लागला होता. मी खिडकीतल्या माझ्या उंच स्टुलावर बसले होते आणि मला खाली उतरवायला मुख्य कारागीर बद्रीभाई, दोन छपाईवाले, धुलाईची बाई आणि नगरपालिकेची क्रेन एवढे लागले. (भागलं. बद्रीभाईंनी हात दिला.) ते स्टूल म्हणजे माझी नोकरी. आपल्याकडे लाल हा लाल म्हणून छापतच नाहीत. लाकडी ठप्प्यानं कापडावर फिटकरी, म्हणजे तुरटी, छापायची, ती दिसते मळक्या डागासारखी. मग कापड रंगाच्या कढईत उकळायचं आणि लाल वर येतो. किती वर येईल ते पाण्यावर, आगीवर आणि बद्रीभाईंच्या मूडवर. म्हणून प्रत्येक कढईआधी एक पट्टी उकळून बघायची. त्या पट्टीवर ठप्पा नेहमी एकच, ती पाच पाकळ्यांची बुटी, म्हणजे नजर नक्षीत न अडकता रंगावर राहावी. ती पट्टी खिडकीच्या उजेडात धरून पास की नापास, हे मी सांगायचं. सात वर्षं तेच केलं. दुसरं काही मला येतही नाही.

“सहा महिने,” तुम्ही म्हणालात.

“आणि मग?”

“मग काय? सातवा.”

“बाई, चेष्टा नको. सरोज बाळंतपणाला गेली, आली का परत? मुन्नी आली? आपल्याकडून गेलेली एक तरी आलीय?”

तुम्ही चष्मा पुसायला घेतलात. तुम्हाला उत्तर सापडत नसलं की तुम्ही चष्मा पुसायचात.

“त्यांच्या जागा ठेवल्या होत्या मी,” म्हणालात. “आधी दर आठवड्याला फोन व्हायचा. मग सणावारी. मग नाहीच. मीही केला नाही. म्हटलं, लेकरू लहान आहे, कशाला त्रास. ते चुकलं माझं. माणूस एकदम तुटत नाही अने, धागा धागा सुटत जातो. तू संपर्कात राहायचंस.”

“राहीन की. तुम्ही फोटो पाठवा, मी बघून सांगेन.”

“फोटोत लाल? फोटोत टमाटा, कुंकू आणि चौकातला सिग्नल सगळं एकच दिसतं. कापड येईल. गुरुवारी.”

“आणि स्टूल?”

“त्यावर कोण बसणार? तुझ्याएवढी ताडमाड भैरवगढात दुसरी आहे कोण!”

मला वाटलं होतं कापड कुणाच्या तरी हाती येईल. तुम्ही स्वतः याल असं स्वप्नातही नव्हतं. भैरवगढहून एक मॅजिक, ती माणसं कोंबून धावणारी छोटी गाडी, पकडायची, मधे उतरून दुसरी पकडायची, आणि त्या गुडघ्यांनी आमच्या गल्लीचा चढ चढायचा. वर मात्र तुम्ही कधी आला नाहीत. तीन जिने गुडघ्यांना झेपत नव्हते, आणि हात फिटकरीचे, काळ्या रंगासाठी मुरवलेल्या लोखंडी पाण्याचे. “असले हात घेऊन तान्ह्या लेकराजवळ येत नाही मी.” त्यामुळे सासूबाईंची भाजीची टोपली दोरीनं खाली जायची आणि तुमची पट्टी वर यायची.

पहिले चार गुरुवार मी आतल्या खोलीत सव्वा महिन्याच्या कैदेत होते. खिडकीला चादर, खाटेखाली शेगडी, डोक्याला फडकं. तुम्ही खालून नुसतं ‘अनूला द्या’ म्हणून जायचात, सासूबाई कापड चाचपून खूश व्हायच्या आणि त्याचे लंगोट करायच्या. अंधारात मला वाटायचं, असेल त्यांच्या एखाद्या जुन्या लुगड्याचा तुकडा. आणि मी तिथं पडल्या पडल्या मोजत होते. एक गुरुवार गेला. दुसरा गेला. बाई विसरल्या. तिसरा. सरोज, मुन्नी आणि आता मी. तुमचा निरोप माझ्या कुशीत झोपलेल्या पोरीला बांधलेला होता, आणि मी तिच्याकडे पाठ करून तुमच्या नावानं रडत होते.

हे तुम्हाला सांगायचं राहिलं. कारखान्यात आल्यावर मस्त तिखटमीठ लावून सांगणार होते.

मग त्या लंगोटप्रकरणानंतर आपलं नीट सुरू झालं. गुरुवारी साडेदहाला खालून हाक. मी टोपली ओढायची, पट्टी गॅलरीच्या उजेडात धरायची आणि वरून निकाल ओरडायचा.

“फिका आहे, बाई!”

“बरं. सांगते बद्रीला.”

पुढच्या गुरुवारी, “विटकरी गेला! एक उकळी जास्त झाली!”

“बरं.”

त्याच्या पुढच्या गुरुवारी, “हे काय आहे? हे गाजर आहे! फिटकरी घालायला विसरले का?”

“बरं. सांगते.”

कोपऱ्यावरचा पोहेवालाही मधे पडायला लागला होता. “दीदी, लाल तो ठीक लग रिया है!” तुम्ही त्याच्याकडे वळून म्हणायचात, “तुम पोहे देखो. वो पीले हैं.”

बाई, त्या दिवसांत आमच्या घरी निम्मं उज्जैन येऊन गेलं. (बरं, बारा-पंधरा माणसं.) सगळी चिमीला बघायला. नाक आजोबांचं, हनुवटी आत्याची, कान कुणाचे यावर तर दोन काकवांचं वाजलं. मग जाता जाता कुणीतरी माझ्याकडे वळायचं आणि विचारायचं, “दूध पुरतं ना?” जशी मी डेअरीच आहे. त्या घरात दिवसभर माणसं असायची आणि मी दिवसभर एकटी असायचे. आठवड्यातून एकदा फक्त कुणीतरी मान वर करून माझ्याकडे बघायचं आणि विचारायचं, “कसा वाटतो?” मला मत आहे, हे त्या गल्लीत तुमच्याशिवाय कुणाच्या लक्षात नव्हतं. निकाल ओरडून झाला की मी चिमीला कठड्यापाशी धरायचे. तुम्ही डोळ्यांवर हात घेऊन बघायचात. “वाढतेय. मागच्या गुरुवारपेक्षा एक बोट.” तुम्ही तिला इतकंच पाहिलंत. तीन मजले खालून.

निखिलला हे आवडत नव्हतं. माझा नवरा बँकेत आहे, त्याला प्रत्येक गोष्टीचा नियम माहीत असतो. “तू रजेवर आहेस ना? मग दर गुरुवारी ही परीक्षा कशाला? आमच्याकडे रजेवरच्या बाईला कामाचा फोन केला तर वरून विचारणा होते.” मी ते तुम्हाला वरून ओरडून सांगितलं होतं, आणि आपलं तिथेच गल्लीदेखत भांडण जुंपलं होतं.

“रजा कामाची असते,” तुम्ही म्हणालात. “माणसाची नसते.”

“पण आराम म्हणजे आराम! कुणी काही विचारू नये!”

“कुणी काही विचारत नाही त्याला आराम नाही म्हणत, अने. निवृत्ती म्हणतात. मी घेऊन बघितलीय.”

मी हसले. पोहेवालाही हसला. तुम्ही हसला नव्हतात, हे मला आता आठवतंय.

तो वाद अर्धाच राहिला. माझं म्हणणं अजूनही आहे की निखिलचं बरोबर होतं. रजेवरच्या बाईच्या दारात जाऊन हाका मारू नयेत. आणि तुमचंही बरोबर होतं. गणितात अशी दोन उत्तरं चालत नाहीत, तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

त्या गुरुवारचं सांगायला हवं. चिमीला आदल्या दिवशी लस दिली होती. सारा दिवस आणि सकाळपर्यंत ती रडत होती, पाय सुजलेला, अंग तापलेलं. साडेदहाला कसाबसा डोळा लागला. मी तिला खांद्यावरून गादीवर ठेवलं, हात काढून घेतला, श्वास रोखला. आणि खालून, “अने!”

ती दचकून उठली आणि जी किंचाळली, बाई. मी गॅलरीत धावले.

“मी रजेवर आहे, बाई! रजेवर! तुमचा लाल गेला खड्ड्यात! सहा महिने मला हाका मारू नका!”

हे चारनं भागू नका. हे अक्षर न अक्षर एवढंच होतं.

पोहेवाला झारा हातात धरून उभा. तुम्ही पट्टी आधीच टोपलीत ठेवली होती. तुम्ही वर बघितलंत, डोळ्यांवर हात न घेता, आणि म्हणालात, “बरं.”

तेच ‘बरं’. फिका म्हटल्यावरचं, गाजर म्हटल्यावरचं. फक्त पुढचं ‘सांगते बद्रीला’ नव्हतं. छत्री उघडली नाहीत, ऊन असूनही. टोपली संध्याकाळपर्यंत गल्लीत लोंबकळत राहिली. सासूबाईंनी ओढली तेव्हा आत पट्टी तशीच होती, चार घड्या घातलेली.

त्याच दिवशी रागारागात मी कारखान्याच्या ग्रुपचा आवाज बंद केला. निखिल म्हणाला, “शाब्बास.”

पुढच्या गुरुवारी सव्वादहालाच मी टोपली खाली सोडून बसले. टोपलीत कुणीतरी पोह्यांची रिकामी पुडी टाकली. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा सोडली. असे सहा गुरुवार, बाई. मी कारणं रचत बसायचे, आणि कारणं रचण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. गुडघे दुखत असतील. मॅजिकवाल्यांचा संप असेल. तुम्हाला परदेशी ऑर्डर मिळाली असेल आणि तुम्ही विमानात बसून खाली टोपली शोधत असाल. सगळ्यांत मला आवडायचं ते कारण असं की कापडच संपलं असेल. नमुन्याचं पांढरं कापड संपलं, नवं यायचंय, म्हणून पट्टी नाही आणि म्हणून तुम्ही नाही. साधं कारण. त्यात माझा हात नव्हता.

फोन हातात घ्यायचे. तुमचं नाव काढायचे. पहिली रिंग जायच्या आत कापायचे. काय बोलणार? हाका मारू नका म्हणणारी मीच, आणि हाक मारली नाही म्हणून रुसलेलीही मीच. म्हटलं, महिनाभर तर उरलाय. चिमीला घेऊन सरळ कारखान्यातच जाईन, हात धुवायला लावेन आणि तिला तुमच्या मांडीवर ठेवेन. तुम्ही म्हणाल, “बरं.” मग मी स्टुलावर चढेन आणि झालं.

मग एका सकाळी कामावर परतायचा दिवस विचारायचा म्हणून मी ग्रुप उघडला. बद्रीभाईंचा निरोप होता. ‘मास्टरनी जी नहीं रहीं. तीन बजे घाट पर.’ खाली हात जोडलेली चित्रं. मी घड्याळ बघितलं, अकरा वाजले होते. म्हटलं, अजून चार तास आहेत. साडी बदलली. चिमीला सासूबाईंकडे दिलं. चपला घातल्या आणि मग तारीख बघितली. निरोप कालचा होता.

घाटावरून लोक परतून, अंघोळी करून, जेवून, झोपून उठलेही होते. मी एकटीच साडी नेसून दारात उभी.

“कळलं कसं नाही तुला?” निखिलनं विचारलं. वाईट हेतूनं नव्हे, बिचारा हादरला होता.

“रजेवर होते,” मी म्हणाले.

नंतर कळलं की तुम्ही कारखान्यातच होतात, दुपारच्या चहाच्या वेळी, खुर्चीत, चष्मा हातात. मला वाटतं पुसत असाल. काय अडलं होतं ते मला माहीत नाही. माहीत नाही असं मी म्हणते खरी.

गेल्या रविवारी सासूबाईंनी तुमच्या सगळ्या पट्ट्या काढल्या. लंगोट झालेल्या चार आणि मी नापास करून डब्यात कोंबलेल्या बाकीच्या. “पोरीला यांची गोधडी शिवते,” म्हणाल्या. “बाईंची आठवण राहील.” त्या लंगोटांपासून माझ्या सासूबाईंना तुमच्याबद्दल जरा अपराधी वाटायचं. जमिनीवर पट्ट्या पसरून त्या लावून बघत होत्या, मी चिमीला पाजत बसले होते.

“अनू,” त्या म्हणाल्या. “इकडे बघ गं.”

“काय?”

“हे जुळून राहिलंय.”

बुटी तुम्ही मधोमध कापली होतीत, बाई. एका पट्टीच्या काठाला अडीच पाकळ्या, दुसरीच्या काठाला अडीच. सासूबाईंनी एकमेकींना लावल्या तर फूल पुरं झालं. तिसरी लावली, पुन्हा पुरं. चौथी. लंगोट झालेल्या सुद्धा. शेवटची, टोपलीत लोंबकळलेली, सगळ्यांत शेवटी बसली. सुईच्या अग्राएवढाही फरक नाही. एकाच थानाची, म्हणजे एकाच ताग्याची, एकाच कढईत एकाच वेळी उकळलेली सलग पट्टी, कात्रीनं वीतभर वीतभर कापलेली.

फिका. विटकरी. गाजर. एकच लाल होता तो. मी, भैरवगढची नजर, जिच्या शब्दावर कढया चढायच्या आणि उतरायच्या! जागरणानं सुजलेल्या डोळ्यांनी मी एकाच कापडाला वेगवेगळी नावं ठेवत होते, आणि तुम्ही खाली मान वर करून ‘बरं, सांगते बद्रीला’ म्हणत होतात. काय सांगायचात त्यांना? काहीच नसाल सांगत. दोन मॅजिक बदलून, चढ चढून, गल्लीदेखत माझ्याकडून नापास होऊन परत जायचात. गणिताच्या बाई, एकही चूक नसलेला पेपर घेऊन.

चिमीला पाजायचं मी अर्ध्यातच विसरले. सासूबाईंनी तिला उचललं आणि आत गेल्या.

काल चिमीला घेऊन भैरवगढला गेले. तुमची छत्री खिळ्याला आहे. खुर्ची कुणी हलवलेली नाही. खिडकीतलं स्टूल तसंच, वर धुळीचा थर, बोटाचा एकही ठसा नाही. सहा महिने त्यावर कुणी कोपरही टेकलं नसावं. मी बसले नाही. चिमी कडेवरून त्या खिडकीतल्या उजेडाकडे बघत होती, आणि मी तिला सांगायला लागले की इथल्या बाई एवढ्या मोठ्या होत्या की त्यांच्या हाकेनं इंदूरची बस थांबायची. मग वाट बघितली. पुढून ‘भाग’ म्हणणारं कुणी नव्हतं. तो आकडा तसाच हवेत राहिला.

बद्रीभाई टेबलावर होते. चाळीस वर्षं एकच माणूस एकाच तालात ठोकतोय असा आवाज. (किती वर्षं ते मला माहीत नाही, बाई. भागायचं असेल तर भागा.) त्यांनी चिमीकडे बघितलं, मान हलवली, आणि पुन्हा ठप्पा उचलला.

“बद्रीभाई, बाई मुझे जो पट्टियाँ लाके देती थीं, वो सब एक ही थान की थीं ना?”

“हाँ.”

“कौन-से थान की?”

“जो आपने पास किया था. छुट्टी पे जाने के दिन.”

मला खाली बसावंसं वाटलं, पण बसायला तिथं तुमची खुर्ची आणि माझं स्टूल एवढंच होतं. आणि एक प्रश्न उरला होता. सहा गुरुवार टोपलीपाशी बसून मी त्याच्यासाठी किती नवस केले होते ते तुम्हाला काय सांगू. एका ‘हाँ’पुरता होता तो. बद्रीभाई मनाचे सरळ, विचार न करता हो म्हणाले असते तरी मी ते घेऊन घरी गेले असते.

“फिर वो थान खतम हो गया होगा,” मी म्हणाले. “नहीं? इसीलिए आना बंद किया उन्होंने.”

बद्रीभाईंनी ठप्पा फिटकरीत टेकवला, कापडावर नीट ठेवला, वरून मुठीनं ठोकला, उचलला.

“नहीं दीदी,” ते म्हणाले. “आधा पड़ा है.”